चतकोर पुरे!

वाचकहो, फराळाचे डबे हाताशी असावेत, हे खरे. पण म्हणून सारी कोठीच कुणी ओट्यावर मांडते का? माझ्या संगणकाच्या धंद्यात हा प्रश्न नेहमीचा. पोस्टग्रेस हा माहितीचा कोठावळा डिस्कवरून 8 किलोबाइटांची पाने आणून मेमरीतल्या सामाईक फडताळात ठेवतो. पुन्हा मागणी आली की तिथूनच देतो. फडताळाचे नाव ‘शेअर्ड बफर्स’. मुळात ते बहुधा 128 मेगाबाइटांचे; मोठ्या कारभाराला अपुरे. मग पाने डिस्कवरून येईतो खिडकीशी पेन्शनर ताटकळतात!

उत्साही मंडळी म्हणतात, “सगळी मेमरी देऊन टाका!” मी म्हणतो, जरा दमाने. तीच पाने ऑपरेटिंग सिस्टिमही स्वतःपाशी राखते. एकच जिन्नस दोन डब्यांत कशाला? शिवाय माहितीचा क्रम लावायला निराळी मेमरी लागते. सर्व्हर याच कामाला वाहिलेला असेल, तर चतकोरापासून आरंभ करावा: 16 गिगाबाइटांत 4. 40 टक्क्यांपुढे सहसा लाभ नाही. बदलानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. तेव्हा ते काम रात्री. सकाळी फरक मोजावा.

ओट्यावर हात फिरवायला जागा राखते, तीच सुगरण पंगत निभावते. नाही का?