मागून येणारी घरघर
जीप, सुमो, बोलेरो अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मागून घरघर सुरू झाली की पहिला संशय डिफरन्शियलवर जातो, आणि पुष्कळदा तो चुकीचा ठरतो. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच आवाज बदलला, तर दोष टायरचा. डिफरन्शियलच्या गिअरच्या आवाजाला रस्त्याशी देणेघेणे नसते, तो वेग आणि ॲक्सिलरेटरप्रमाणे बदलतो. ॲक्सिलरेटर दाबताना येणारी शिट्टी क्राउन-पिनियनच्या दात्यांची एक बाजू झिजल्याची किंवा सेटिंग बिघडल्याची खूण असते, पाय काढल्यावर येणारी दुसऱ्या बाजूची. दोन्ही वेळी सारखीच खरखर असेल, तर पिनियनचे बेअरिंग पाहावे. पिनियन चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरते, म्हणून तिच्या बेअरिंगचा सूर चाकाच्या बेअरिंगपेक्षा वरचा लागतो. फक्त तीव्र वळणावर कुरकुर झाली, तर डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर तपासावेत. क्लच सोडताना ‘खट्’ वाजणे बहुधा प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचे दुखणे असते. डिफरन्शियलचे हाऊसिंग खोलण्याआधी हा क्रॉस हाताने हलवून बघितलाच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाइकाचे पैसे फुकट जातात. डिफरन्शियलचे तेल काढून पाहणे ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची तपासणी: करडी बारीक पूड नेहमीची, पण लोखंडाचे कपचे निघाले तर आत काहीतरी तुटले आहे. मग हाऊसिंग खोलतात आणि क्राउन-पिनियनच्या दात्यांना रंग लावून ठसा नेमका कुठे उमटतो ते पाहतात. क्राउन आणि पिनियन कारखान्यातच जोडीने जुळवलेले असतात. एकच बदलून भागत नाही, जोडीच बदलावी लागते.