नवी गोष्ट एकटी येत नाही



मृग जवळ आला की हिमायतनगरच्या बाजारात कृषी केंद्रांसमोर गर्दी होऊ लागते, आणि जो तो एकच विचारतो, "यंदा नवीन काय आलंय?" काही जण नवे नाव ऐकले की डोळे झाकून पुडी उचलतात. काही जण नवे म्हटले की पाठ फिरवतात. आमच्या विस्ताराच्या कामात दोन्ही प्रकारची माणसे रोज भेटतात, आणि दोघांचेही नुकसान झालेले आम्ही पाहिले आहे. म्हणून आज कोणत्याही नव्या वाणाची शिफारस करीत नाही. नवी गोष्ट शेतात येते तेव्हा काय काय बदलते, एवढेच पाहू. उदाहरण दूरचे नको. आपल्या पांढऱ्या सोन्याचेच घेऊ.

घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर त्यांना विचारा, सरकी पूर्वी कोठून यायची? नांदेड भागात तेव्हा गावरानी कापूस होता. देशी कापूस असूनही त्याच्या धाग्याला नाव होते. वेचणीतला चांगला कापूस बाजूला ठेवायचा, त्याची सरकी बियाण्याला राखायची, पेरणीआधी ती शेणमातीत चोळायची म्हणजे दाणा दाण्याला चिकटत नाही, आणि एकरी पाच-सहा किलो पेरायची. बियाण्याचे गाडगे घरच्या बाईच्या ताब्यात असे. कोणते बी ठेवायचे, कोणते ढेपेला-सरकीला काढायचे, हे बहुतेक घरांत तीच सांगे. उतारा बेताचा होता, पण बियाण्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नव्हते.

१९७० साली सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. चंद्रकांत पटेल यांनी 'संकर-४' हा वाण दिला. प्रत्यक्ष शेतावर मोठ्या प्रमाणात लावला गेलेला हा जगातला पहिला संकरित कापूस. दोन जातींचा संकर केला की पहिल्या पिढीत जोम येतो, हे शास्त्राला आधीच माहीत होते. अडचण निराळीच होती. कपाशीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग एकत्र असतात, त्यामुळे फूल आपले आपणच फळते. संकर करायचा तर उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर नखाने अलगद सोलायची, तिचे पुंकेसर काढून टाकायचे, वर खूण म्हणून रंगीत कागद अडकवायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग तिला लावायचे. एवढे करून एक बोंड मिळते आणि त्यात वीस-तीस सरक्या. हजारो एकरांना पुरेल एवढे बी असे एकेका फुलावर बसून तयार करणे परवडेल, यावर विश्वास बसणे कठीण होते. ते आपल्या देशात परवडले, कारण आपल्याकडे हात पुष्कळ होते आणि त्यांची मजुरी कमी होती.

पाठोपाठ १९७२ मध्ये धारवाडच्या डॉ. कटारकी यांनी 'वरलक्ष्मी' दिला. लांब धाग्याच्या कापसासाठी परदेशाकडे पाहावे लागे, ती गरज अशा वाणांनी कमी केली. त्याच वर्षी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झाले. मात्र हे पहिले संकर पाण्याच्या सोयीला बरे होते, आणि आपली शेती तर पावसाच्या भरवशावरची. ही गरज भागवली आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने. १९८४ मध्ये तेथून 'एनएचएच-४४' बाहेर पडला. कोरडवाहूत टिकणारा, रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी दाद न देणारा, आणि पहिला बहर गेला तरी पाऊस पडताच पुन्हा पाते धरणारा. पावसाने ओढ दिली की बहर गळतो हे आपल्याला नवे नाही. अशा वेळी झाड पुन्हा उभे राहते ही गोष्ट शेतकऱ्याला किती मोलाची वाटते, हे मी सांगायला नको. मराठवाडा-विदर्भात हा वाण घरोघरी गेला. आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत 'चव्वेचाळीस' एवढे म्हटले तरी दुकानदाराला कळत असे.

इथपर्यंत झाले विज्ञान आणि हातांची कला. आता व्यापाराकडे या.

संकरित सरकी दुसऱ्या वर्षी पेरली तर उगवते, पण पहिल्या वर्षीसारखी येत नाही. आई-बापांचे गुण पुन्हा फुटून निघतात. काही झाडे उंच, काही बुटकी, काही लवकर फुटणारी, काही उशिरा. म्हणून दरसाल नवे बी विकत घेणे आले. हा दोष कोणा माणसाचा नव्हे, संकराचा स्वभावच तसा आहे. पण त्यातूनच बियाण्याचा धंदा उभा राहिला. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही कंपनी काढली. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून त्यांनी बीजोत्पादन शेतकऱ्यांच्याच शेतावर करून घेण्याची रीत बसवली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सरकारकडून १९७६ मध्ये अकोल्याला महाबीज सुरू झाले. मराठवाड्यातला एक तालुकावजा गाव बियाण्यांची राजधानी होतो, ही साधी गोष्ट नव्हे. ज्यांनी बीजोत्पादनाचे प्लॉट घेतले त्यांच्या हातात चार पैसेही आले.

आणि समाज? बियाण्याचे गाडगे घरातून गेले, तेव्हा त्याबरोबर घरच्या बाईचा शब्दही गेला. पुडी बाजारातून येऊ लागली, आणि बाजारात जातो तो पुरुष. पुडीबरोबर खत आणि औषध आले, ते उधारीवर आले, आणि कापूस मोंढ्यात पोचण्याआधीच त्याचे पैसे ठरलेले असू लागले. तिकडे बीजोत्पादनाच्या प्लॉटात कळ्या सोलायला बारीक बोटे हवीत म्हणून गुजरात-आंध्रात लहान मुलींना कामाला लावले गेले. त्यांची शाळा बुडाली. याविरुद्ध पुढे आवाज उठला, कायद्याचा बडगा आला. सुरतच्या प्रयोगशाळेत या मुलींचा विचार कोणाच्या डोक्यात आला नसणार. पण त्या एका शोधाने त्यांच्या आयुष्याला हात लावला, हे खरे.

यापुढची पायरी तुम्हा सर्वांच्या डोळ्यांदेखत घडली. १९९० च्या दशकात हिरवी बोंडअळी कोणत्याही औषधाला जुमानेना. फवारण्या वाढल्या, कर्ज वाढले. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा गुण झाडात घातला, की झाड खाणारी बोंडअळी त्याच्याच पानाबोंडांनी मरते. पहिल्या वर्षांत अळीच्या फवारण्या कमी झाल्या, उतारा वाढला. हा फायदा खरा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हा गुण ज्यांच्या हातात होता ते खासगी कंपन्यांचे वाण. काही वर्षांतच बिनाबीटी सरकारी वाण दुकानातून दिसेनासे झाले, आणि आपला 'चव्वेचाळीस' ही त्यात मागे पडला. वाण वाईट ठरला म्हणून नव्हे. बाजाराचा दरवाजा बदलला आणि त्याची किल्ली आपल्या केंद्राकडे नव्हती. पुढे विद्यापीठाने महाबीजच्या मदतीने त्याचे बीटी रूप आणले, पण मधली वर्षे हातची गेलीच.

आता नीट ऐका, कारण पुढची गोष्ट तुमच्या-माझ्या गावाची आहे. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पुडीसोबत १२० ग्रॅमची आणखी एक लहान पुडी मिळत असे. ती बिनाबीटी सरकी शेताच्या कडेने लावायची होती. कशासाठी? बीटी खाऊनही ज्या थोड्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग आपसांतच जुळले तर पुढची सगळी पिल्ले बीटीला न जुमानणारी निपजतील. कडेच्या साध्या कपाशीवर वाढलेले पतंग त्यांच्याशी जुळले तर तो धोका लांबतो. किती जणांनी ती पुडी लावली? अनेकांनी ती बांधावर फेकली किंवा जनावरांना घातली. "माझ्या एकट्याने काय होणार?" असे प्रत्येकाने म्हटले. त्यातच पाणी असणाऱ्यांनी डिसेंबरनंतर फरदड ठेवली. शेंदरी बोंडअळीला तर कपाशीखेरीज दुसरे खाणे जवळजवळ नाहीच. तिला आपण वर्षभराची पंगत मांडून दिली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर शेंदरी अळीने बोंडे किडवली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले.

नवी गोष्ट शास्त्रज्ञाने केली, कंपनीने विकली. पण ती टिकवायची जबाबदारी सगळ्या गावावर होती, आणि हे गावाला पटेल असे सांगणारे पुरेसे कोणी नव्हते. पुडीवर बारीक अक्षरात छापले म्हणजे सांगितले असे होत नाही.

मग नवे घ्यायचेच नाही का? तसे अजिबात नाही. आणि नवे काढण्याचा मक्ता फक्त प्रयोगशाळांकडे आहे असेही समजू नका. नांदेड नावाचे एक गाव चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातही आहे. तेथे दादाजी खोब्रागडे नावाचा अल्पभूधारक शेतकरी होऊन गेला. १९८३ मध्ये 'पटेल-३' धानाच्या शेतात त्यांना तीन ओंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी राखल्या, वर्षानुवर्षे निवडून लावल्या, आणि त्यातून बारीक दाण्याचा तांदूळ निघाला. घड्याळाच्या लोकप्रिय नावावरून व्यापाऱ्यांनी त्याला 'एचएमटी' म्हटले. तो तांदूळ दूरदूर पोचला. दादाजींना मानसन्मान मिळाले, पण बियाण्याच्या व्यवहारातून पैसा मात्र हाती फारसा लागला नाही. २०१८ मध्ये ते गेले. २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आता शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावाने नोंदवता येतो. आपल्या शेतातले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्या-विकण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

तेव्हा यंदा कोणी "साहेब, नवीन आलंय, घेऊ का?" असे विचारले, तर मी उलट चार प्रश्न विचारतो. ते तुम्हीही स्वतःला विचारा.

पहिला, हे माझ्या रानाचे आहे का? भारी काळ्या जमिनीवर पाण्याखाली घेतलेला उतारा माझ्या मुरमाड कोरडवाहूत येणार नाही. दुकानातल्या चित्रापेक्षा शेजारच्या, आपल्यासारख्याच जमिनीतले पीक पाहा. आणि पहिल्या वर्षी सगळ्या रानात न लावता अर्ध्या एकरात लावून पाहा.

दुसरा, पुढच्या वर्षी बी कोणाकडे? सोयाबीनसारख्या सरळ वाणाचे बी घरी राखता येते, दोन-तीन वर्षे चालते. संकरित असेल तर दरसाल विकत घ्यावे लागेल, हा खर्च आधीच हिशेबात धरा. पावती आणि पुडीवरची खूणचिठ्ठी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. बी उगवले नाही तर तक्रारीला तोच आधार.

तिसरा, याने घरात कोणाचे काम वाढेल? वेचणी एकदम आली तर मजूर कोठून आणणार? पोरीची शाळा बुडणार का? फवारणी कोण करणार, आणि त्याच्या तोंडाला फडके व हातात मोजे असणार का? हा प्रश्न घरच्या बाईला विचारल्याखेरीज उत्तर मिळत नाही.

चौथा, सगळ्या गावाने हेच केले तर? कपाशीत हा प्रश्न सर्वांत मोठा. डिसेंबरअखेर पीक उपटायचे, पऱ्हाटीचे ढीग बांधावर साठवायचे नाहीत, जुलै-ऑगस्टपासून एकरी दोन-चार कामगंध सापळे लावायचे, डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करायच्या. एकट्याने केले तर थोडा उपयोग, शिवाराने केले तर पुष्कळ.

आणखी एक सांगतो. संकरित कापसाचा एवढा मोठा पसारा जगात आपल्याच देशात आहे. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया हे देश मुख्यतः सरळ वाणच दाट लावतात. आता आपल्याकडेही सघन लागवडीचा प्रयत्न चालू आहे, आणि आपल्या नांदेड केंद्राने बीटी गुणाचे सरळ वाणही दिले आहेत. त्यांचे बी शेतकऱ्याला घरी राखता येईल. हे तुमच्या जमिनीत कितपत उतरतात ते अर्ध्या एकरात पाहूनच ठरवा, आणि शेंदरी अळीची राखण त्यातही करावीच लागेल. पण उद्या ते टिकले, तर बियाण्याचे गाडगे पुन्हा घरात येईल, आणि ते सांभाळणारीही लागेल. तेव्हा आजी अजून घरात आहे तोवर बी कसे निवडायचे, कसे वाळवायचे, भुंगा लागू नये म्हणून काय करायचे, हे सुनेने तिच्याकडून शिकून ठेवावे.

पुढच्या अंकात घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून कशी तपासायची, ते सविस्तर पाहू. तोवर कोठीतले बी उन्हातून काढून सावलीत, कोरड्या जागी हलवा, आणि थप्पी चार-पाच पोत्यांपेक्षा उंच लावू नका.