ऑईल खाणारी गाडी : निदान आधी, दुरुस्ती मागाहून

आपल्या कार्यकर्त्यांजवळ ज्या काही चारचाकी गाड्या आहेत, त्यांत नवी कोरी गाडी अपवादानेच आढळते. बहुतेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या, पंधरा-वीस पावसाळे पाहिलेल्या. आणि त्यांच्या मालकांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते : ‘गाडी ऑईल खाते.’ या तक्रारीचे पुढे काय होते, तेही ठरल्यासारखेच आहे. गाडी गॅरेजात जाते, मिस्त्री सायलेन्सरकडे एकवार पाहतो आणि इंजिन उतरवावे लागेल असा निकाल देतो. या निकालावर अपील करण्यास मालकापाशी ना ज्ञान असते, ना धैर्य. तो उसनवारी करतो, किंवा गाडी मिळेल त्या किमतीला फुंकून टाकतो. माझे म्हणणे असे की, यांपैकी बऱ्याच प्रकरणांत निकाल पुराव्याच्या आधीच लागलेला असतो. आणि पुरावा मात्र मालकाच्या हाताशी, एका वहीत आणि एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर, जवळजवळ फुकट मिळण्यासारखा असतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी मारुती ८०० ही २००४ सालची; निवृत्तीच्या काही वर्षे आधी एका सहकाऱ्याकडून घेतलेली. तिने ऑईल खाण्यास सुरुवात केली तेव्हा परभणीतल्याच एका गॅरेजात मी ती नेली. रिंग-पिस्टन गेले, बोअर करावे लागेल, अठ्ठावीस हजार खर्च येईल, असे मला पाच मिनिटांत सांगण्यात आले. तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने त्यावर काय विचारावे? ‘हे आपण कशावरून ठरवले?’ एवढे तरी विचारायला हवे होते. मी मात्र ‘थोडे कमी होईल का?’ असे विचारले! किंमत विचारली, कारण विचारले नाही. आपल्या मध्यमवर्गाची ही जुनी खोड आहे.

सुदैवाने पैसे जमवण्यात महिना गेला, आणि त्या महिन्यात जिंतूर रस्त्यावरच्या एका वयस्क मिस्त्रींची गाठ पडली. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘सर, किती किलोमीटरला किती ऑईल?’ मला उत्तर देता आले नाही. ‘मग आधी मोजून आणा,’ म्हणाले. परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याच्या मनःस्थितीत मी घरी आलो आणि वही घातली.

मोजण्याची रीत साधी आहे, पण ती निष्ठेने पाळावी लागते. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबावे म्हणजे वर गेलेले ऑईल खाली चेंबरमध्ये उतरते. मग पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी. वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरून किलोमीटरचा आकडा टिपावा. पट्टी खालच्या खुणेजवळ आली की पुन्हा वरच्या खुणेपर्यंत किती ऑईल लागले ते मापाने पाहावे, अंदाजाने नव्हे. असे दोन-तीन फेरे झाल्यावर जो आकडा हाती येतो तोच खरा. वरच्या खुणेच्या पलीकडे ‘असू दे थोडे जास्त’ म्हणून कधीही भरू नये. फिरता क्रँक त्या ऑईलला घुसळतो, फेस होतो आणि खप उलट वाढतो. आणि डॅशबोर्डावरच्या लाल दिव्यावर विसंबणे तर आत्मघाताचेच आहे. तो दिवा ऑईलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा बेअरिंगे कोरडी पडू लागलेली असतात.

माझा आकडा निघाला सातशे किलोमीटरला एक लिटर. हा खप मोठाच आहे. तथापि काही युरोपीय कारखानदार आपल्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा, क्वचित एक लिटर खपही मर्यादेतला मानतात, हे वाचून माझी घाबरगुंडी थोडी कमी झाली. थोडेफार ऑईल प्रत्येक इंजिन खातेच. सिलिंडरच्या भिंतीवर त्याचा पातळ थर असल्याशिवाय पिस्टन चालणारच नाही.

यानंतरचा प्रश्न असा की, ऑईल जाते कोठे? वाटा मोजक्याच आहेत. एक तर ते बाहेर गळते, नाही तर आत जळते; पाण्यात मिसळण्याचा प्रकार विरळा, आणि तो रेडिएटरमधल्या तवंगावरून कळतो. गळतीसाठी रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरावा. माझ्या पुठ्ठ्यावर सकाळी रुपयाएवढे दोन डाग होते : एक टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून आलेला, दुसरा कॅमशाफ्टच्या टोकाच्या सीलचा. उभ्या गाडीतून दोन थेंब गळतात, तर तापलेल्या, पळत्या गाडीतून किती गळत असेल?

जळणाऱ्या ऑईलचा धूर निळसर असतो. काळा धूर पेट्रोल जास्त झाल्याचा, पांढरी दाट वाफ पाणी आत शिरल्याची. पण रंगापेक्षा वेळ महत्त्वाची, आणि हीच गोष्ट घाईचा मिस्त्री पाहत नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा लोट येतो आणि मिनिटाभरात विरतो; किंवा उतारावर पाय उचलून गाडी सोडली आणि खाली पुन्हा पेट्रोल दिले की लोट येतो; असे असेल तर संशय व्हॉल्वच्या सीलवर घ्यावा. ही रबरी सीले वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात आणि वरचे ऑईल व्हॉल्वच्या दांड्यावरून आत झिरपते. याउलट चढावर, ओझे घेऊन, जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर ऑईल खालून, रिंगांमधून वर येते आहे. तिसरी एक वाट आहे, ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित : ब्रीदरचा पाईप व त्यातली झडप. ती काजळीने तुंबली की इंजिनच्या पोटात दाब साठतो आणि तो ऑईलला मिळेल त्या फटीतून बाहेर रेटतो. उघडीच अडकली तर ऑईलची वाफ सरळ आत ओढली जाते.

यावर शेवटची कसोटी कॉम्प्रेशन तपासण्याची. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने पाहावा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा पाहावा. कमी असलेला दाब ऑईल घातल्यावर चांगला वाढला, तर रिंगा किंवा बोअर झिजलेले आहेत, कारण त्या ऑईलने फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही, तर दोष व्हॉल्वकडे किंवा हेडच्या गॅस्केटकडे. माझ्या गाडीच्या तिन्ही सिलिंडरांचे दाब जवळजवळ सारखे आणि ठीक निघाले, ऑईल घालूनही फारसा फरक नाही. रिंगा शाबूत होत्या! अठ्ठावीस हजारांचे काम ज्या दुखण्यासाठी सांगितले होते, ते दुखणे गाडीला नव्हतेच. व्हॉल्वची सीले, दोन गळत्या आणि ब्रीदरची सफाई, एवढे करून मिस्त्रींनी मजुरीसह बेचाळीसशे रुपये घेतले. त्यानंतर खप चोवीसशे किलोमीटरला एक लिटर असा स्थिरावला.

आता थोडा हिशेब, कारण त्याशिवाय माझ्यासारख्याला चैन पडत नाही. मी वर्षाला सहा हजार किलोमीटर गाडी चालवतो. ऑईल लिटरला चारशे रुपये धरू. आधी वर्षाला साडेआठ लिटर म्हणजे चौतीसशे रुपये जात; आता अडीच लिटर म्हणजे हजार रुपये. बेचाळीसशेची दुरुस्ती पावणेदोन वर्षांत फिटते. अठ्ठावीस हजारांच्या कामाने खप शून्यावर आला असता असे मानले, तरी ते फिटण्यास आठ वर्षे लागली असती, आणि त्यात व्याज धरलेले नाही. अर्थात हा हिशेब अपुरा आहे. जळलेल्या ऑईलचा धूर माझ्या वहीत खर्ची पडत नाही, तो मागून सायकलवर येणाऱ्या मुलाच्या छातीत खर्ची पडतो. कारखान्यांच्या धुराड्यांचे उदाहरण घेऊन पिगूने शंभर वर्षांपूर्वी हेच मांडले होते. म्हणून ‘ऑईल स्वस्त आहे, ओतत राहू’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. धुरामुळे सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निकामी होतो, ती गोष्ट निराळीच.

मोठे काम नेहमीच अनाठायी असते, असे मात्र कोणी समजू नये. माझ्या ओळखीचा एक तरुण गंगाखेडच्या बाजूला जुनी काळी-पिवळी जीप चालवतो. तिचा धूर चढावर थांबतच नसे; ओल्या कसोटीत दाब झपाट्याने वाढला. रिंगा गेल्याच होत्या. रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या, घर चालवणाऱ्या गाडीचे इंजिन उतरवणे हाच तेथे काटकसरीचा मार्ग होता, आणि त्याने तो पत्करला. रिंगा अकाली का झिजल्या, हे मात्र एअर फिल्टर काढल्यावर कळले. काळ्या मातीची बारीक धूळ त्याच्या फाटक्या कागदातून सरळ आत जात होती. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि रस्त्याच्या कडेची धूळ पिठासारखी उडते. ती ऑईलमध्ये मिसळली की त्याचे घासकागदच होते. दोन-अडीचशे रुपयांचा फिल्टर टाळल्याने इंजिन गेले. ऑईल वेळेवर न बदलण्याचा परिणामही याच जातीचा : खालच्या रिंगेची भोके काजळीने बुजतात, रिंग जागीच चिकटते, आणि न झिजताही निकामी होते. जुन्या, उष्ण प्रदेशातल्या इंजिनात २०-डब्ल्यू-५० सारखे दाट ऑईल घातल्याने खप कमी होतो, हे खरे. गाडीच्या पुस्तिकेची मुभा असेल तर ते जरूर घालावे. पण त्याने दुखणे बरे होत नाही, ते सुसह्य होते.

झिजेचे आणखी एक कारण इंधनातली भेसळ. पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळलेले रॉकेल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑईलचा थर धुऊन काढते आणि खालचे ऑईल पातळ करते. महाराष्ट्राला या भेसळीची किंमत इंजिनांच्या पलीकडे जाऊन मोजावी लागली : २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. रॉकेलावरचे अनुदान पुढील दशकात संपले आणि त्या धंद्यातला नफाही आटला. पण त्या काळात ज्या गाड्या असल्या इंधनावर धावल्या, त्यांतल्या काही आज आपल्या दारी निळा धूर ओकत उभ्या असतील.

मूळ प्रश्नाकडे येतो. पहिल्या गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणत नाही. जॉर्ज अकेरलॉफने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच निबंध लिहून दाखवले की, विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला अज्ञात अशी स्थिती असली की बाजार बिघडतो. दुरुस्तीत तर याहून अवघड गाठ आहे. १९७३ साली डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी ती नेमकी दाखवली : येथे निदान करणारा आणि उपाय विकणारा एकच असतो, आणि दुरुस्ती झाल्यावरही ती आवश्यक होती की नाही हे ग्राहकाला कळत नाही. त्यात आपली एक भर आहे. आपण पाहण्याचे पैसे देत नाही. अर्धा तास प्लग काढून गेज लावणाऱ्या मिस्त्रीला आपण ‘नुसते पाहिलेच ना?’ म्हणून चहा पाजून वाटेला लावतो. निदानाला मोल नाही, म्हणून त्याला उघडण्यातूनच पोट भरावे लागते. जिंतूर रस्त्यावरच्या मिस्त्रींनी तपासणीचे तीनशे रुपये वेगळे मागितले तेव्हा मलाही क्षणभर ते जड गेले, हे कबूल केले पाहिजे.

परभणीकरांना यावरचा उपाय नवा वाटू नये. या शहरात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. मातीचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि मग खताच्या दुकानी जावे, दुकानदाराला ‘काय टाकू?’ असे विचारू नये, हे येथील शेतकऱ्याला दोन पिढ्या सांगितले जात आहे. माती तपासणारा खत विकत नाही, यातच त्या व्यवस्थेचे शहाणपण आहे. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम जेथे चालतो, त्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आठवड्यातून एक दिवस माफक शुल्कात कॉम्प्रेशन, गळती आणि धूर तपासून लेखी निष्कर्ष द्यावा. मुलांना शिकायला खरी इंजिने मिळतील, मालकाच्या हाती कागद येईल, आणि प्रामाणिक मिस्त्रीलाही त्याचा आधार होईल. पीयूसीचा कागद या कामी उपयोगाचा नाही. नळीतून काय बाहेर पडते ते तो सांगतो, ते का पडते हे सांगत नाही.

शासनाची दृष्टी मात्र वयावर आहे. १३ ऑगस्ट २०२१ रोजी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण सुरू झाले आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर नेण्यात आले. मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षे भरताच रस्त्यावरून उतरली. तिचे इंजिन कसे होते हा प्रश्न नियमात बसतच नव्हता. धूर ओकणारी गाडी थांबवावी, याबद्दल माझा वाद नाही. परंतु पाच वर्षांची हयगय केलेली गाडी आणि वीस वर्षे जपलेली गाडी यांतला फरक जन्मतारखेने कळत नाही, गेजने कळतो. पाच हजार शुल्क घेणाऱ्या यंत्रणेने त्यातले तीनशे रुपये गेज लावण्यावर खर्च करावेत, ही मागणी तालुक्याच्या बैठकांतून पुढे यायला हवी. तोवर वही आपली आपण घालावी. माझ्या वहीतली शेवटची नोंद अशी आहे : २,३५० किलोमीटर, एक लिटर, पुठ्ठा कोरा, सकाळी धूर नाही.