गावच्या रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलली, तर श्रोत्याला कोण सांगणार?

समजा, तुमच्या गावाचा सामुदायिक रेडिओ रोज ९०.४ वर लागतो. एके दिवशी तिथे नुसती खरखर ऐकू येते. केंद्र बंद पडले, की दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गेले? ज्यांच्या हातात स्मार्टफोन आहे ते शोधून काढतील. ज्यांच्याकडे फक्त जुना ट्रान्झिस्टर आहे त्यांचे काय? पीक विम्याची शेवटची तारीख, शिबिराचा दिवस, वादळाचा इशारा हे सगळे त्यांना तिथूनच कळत असते. म्हणून फ्रिक्वेन्सीचा नियम हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नाही, तुमचाही आहे.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचे उदाहरण का?

तमिळनाडूतील तंजावर आणि नागपट्टिनम हे भाताचे जिल्हे. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची परंपरेने ठरलेली तारीख १२ जून. ते पाणी कल्लणईवरून कालव्यांत जाते आणि शेवटच्या टोकाच्या गावांना सर्वांत उशिरा मिळते. पाणी कधी पोहोचणार यावर कुरुवई आणि सांबा हंगामाची पेरणी ठरते. याच किनाऱ्याने २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी पाहिली. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ जमिनीवर आले, तेव्हा अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी दोन सेलवर चालणारा रेडिओच उपयोगी पडतो.

तंजावरजवळच्या वल्लम येथे पेरियार मणियम्मई संस्थेचे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. ते ९०.४ मेगाहर्ट्झवर लागते. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडचे 'माणदेशी तरंग'ही ९०.४ वरच. चेन्नईचे 'अण्णा एफएम' २००४ मध्ये सुरू झाले, तेही ९०.४ वर. एकाच आकड्यावर इतकी केंद्रे कशी चालतात? कारण त्यांची ताकद कमी आणि अंतर जास्त आहे. २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केंद्राने साधारण ५ ते १० किलोमीटर परिसर व्यापावा आणि त्यासाठी १०० वॅट प्रभावी ताकद पुरेशी मानावी. गरज सिद्ध झाली तर २५० वॅटपर्यंत मुभा आहे. अँटेना ३० मीटरपेक्षा उंच नसावी.

मग बदलाची वेळ का येते?

पहिले कारण, जवळपास नवे केंद्र येणे. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन केंद्रे असली, तर एफएम रेडिओ त्यातले जोरात येणारे पकडतो आणि कमजोर केंद्र दबून जाते. दुसरे कारण, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरील मोठ्या केंद्राचा आवाज आत शिरणे. स्वस्त सेटमध्ये हा त्रास जास्त होतो. तिसरे कारण, जागा किंवा अँटेना बदलणे. त्रिभुज प्रदेशात आणखी एक गोष्ट घडते. जमीन सपाट आहे आणि पलीकडे समुद्र आहे. समुद्रावर उबदार व थंड हवेचे थर ठराविक पद्धतीने बसले, की एफएम लहरी नेहमीपेक्षा खूप लांब जातात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर श्रीलंकेची केंद्रे ऐकू येतात, त्याचे हेही एक कारण आहे. हा त्रास ऋतूनुसार येतो-जातो. त्यामुळे फ्रिक्वेन्सी बदलणे हा प्रत्येक वेळी योग्य उपाय ठरत नाही.

निर्णय कोण घेते?

केंद्र चालवण्याची परवानगी माहिती व प्रसारण मंत्रालय देते. फ्रिक्वेन्सी मात्र दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा ठरवते. अँटेनाच्या जागेलाही वेगळी मंजुरी लागते. म्हणजे केंद्रचालकाने मनाला येईल तेव्हा दुसऱ्या आकड्यावर जाणे नियमात बसत नाही. हे बंधन योग्यच आहे. प्रत्येकाने आपापली सोय पाहिली, तर कोणाचाच आवाज नीट ऐकू येणार नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. सार्वजनिक वस्तूचा वापर नियमानेच व्हायला हवा.

अमेरिकेत कमी ताकदीच्या एफएम केंद्रांचा प्रकार २००० मध्ये सुरू झाला. तिथेही मर्यादा १०० वॅटचीच आहे. तिथे बदलाचे दोन गट केले आहेत. जवळच्या फ्रिक्वेन्सीवर सरकणे हा लहान बदल. त्यासाठी केव्हाही अर्ज करता येतो. दूरच्या फ्रिक्वेन्सीवर जाणे हा मोठा बदल. त्यासाठी सरकार अर्जाची मुदत जाहीर करेपर्यंत थांबावे लागते. मात्र अडथळा कमी होईल हे तांत्रिक हिशोबाने दाखवले, तर दूरचा बदलही लहान धरला जातो. यातून आपण एक गोष्ट घेऊ शकतो : अडचणीतल्या छोट्या केंद्रासाठी सोपा आणि जलद मार्ग असावा, आणि तो कोणाला मिळेल हे आधीच लिहिलेले असावे.

उणीव कुठे आहे?

आपल्याकडे अर्ज केंद्र करते आणि उत्तर सरकार देते. ज्याच्यासाठी केंद्र चालते तो श्रोता या पत्रव्यवहारात कुठेच नसतो. मोठ्या वाहिनीला नवा आकडा फलक लावून पोहोचवता येतो. गावच्या केंद्राकडे तेवढा पैसा नसतो. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित धोरणाने जाहिरातींचा वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटे केला. सल्लागार व आशय समितीत किमान निम्म्या महिला असाव्यात, असेही सांगितले. या दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक हवी : फ्रिक्वेन्सी बदलण्यापूर्वी ठराविक दिवस जुन्या आकड्यावर रोज घोषणा करणे बंधनकारक असावे, आणि पेरणी किंवा वादळाच्या दिवसांत, तातडी नसेल तर, बदल टाळावा. यासाठी सरकारला फारसा खर्च नाही. मात्र घोषणा चुकली, तर टोकाच्या गावातला शेतकरी विम्याच्या तारखेला मुकू शकतो.

तुम्ही काय करू शकता?

१. खरखर येऊ लागली तर दिवस, वेळ, ठिकाण आणि मध्ये ऐकू येणारे दुसरे केंद्र लिहून ठेवा. केंद्रचालकांना अर्ज करताना अशा नोंदी उपयोगी पडतात.

२. प्रथम सेटची अँटेना आणि जागा बदलून पाहा. शेजाऱ्याच्या सेटवर नीट ऐकू येत असेल, तर दोष तुमच्या सेटमध्ये असू शकतो.

३. केंद्राच्या सल्लागार समितीत कोण आहे ते विचारा. बचत गट आणि शेतकरी गटांमार्फत मागणी करा की, बदलाची सूचना ग्रामपंचायत, रेशन दुकान आणि अंगणवाडीच्या फलकावरही लागावी.

४. केंद्राकडून दाद मिळाली नाही, तर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. कार्यक्रमाबद्दल असेल तर माहिती व प्रसारण मंत्रालय आणि लहरींतील अडथळ्याबद्दल असेल तर दूरसंचार विभाग निवडा.

५. योजनेची शेवटची तारीख केवळ एका माध्यमावर सोडू नका. तलाठी, कृषी सहायक किंवा सेवा केंद्रातून ती एकदा पडताळून घ्या.