सैतान कोणाचा?

गोंदियास नुकतेंच एक व्याख्यान झालें. वक्ते विद्वान, श्रोते सुशिक्षित. बोलण्याच्या ओघांत वक्त्यांनीं सांगून टाकलें कीं, यहुदी व ख्रिस्ती हे दोन्ही धर्म जगाची वांटणी देव आणि सैतान या दोन राजांत करतात. टाळ्या पडल्या. ख्रिस्ती धर्माविषयींही हें विधान अर्धवटच आहे, कारण तेथेंही सैतान हा देवानेंच उत्पन्न केलेला, देवाच्या तोडीचा नव्हे. यहुदी धर्माविषयीं मात्र तें निखालस चुकीचें आहे. आणि ही चूक निरुपद्रवी नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम स्वतःची कबुली दिली पाहिजे. मिल्टनचें १६६७ सालीं प्रसिद्ध झालेलें 'पॅरडाइज लॉस्ट' मीं अनेक वर्षें वर्गांत शिकविलें, आणि बंड करून स्वर्गांतून पडलेला तो तेजस्वी सेनापति जुन्या करारांतूनच आला आहे असें बेधडक सांगितलें. कोश हातांत घेऊन मुळाशीं ताडून पाहण्याची बुद्धि झाली ती फार उशिरां. तेथें तो सेनापति सांपडेना! उत्पत्तीच्या पुस्तकांतला सर्प हा सर्पच आहे. त्याला सैतान असें त्या पुस्तकांत कोठेंही म्हटलेलें नाहीं. यशयाच्या चौदाव्या अध्यायांत आकाशांतून पडलेला तारा येतो, तो बाबेलच्या राजाच्या उपहासासाठीं. लॅटिन भाषांतरांत त्याचा 'लुसिफर' झाला, आणि लुसिफरचा पुढें सैतान.

हिब्रूंत 'सातान' हें मुळांत विशेषनामच नव्हे. आडवा येणारा, विरोध करणारा, एवढाच त्याचा अर्थ. बलामाच्या वाटेंत तरवार उपसून उभा राहणारा परमेश्वराचा दूत 'सातान' म्हणूनच उभा राहतो. शलमोनाविरुद्ध उठलेला अदोमी हदाद हाही 'सातान'च. मराठी वाचकाला हें कळावें कसें? भाषांतरांत अशा ठिकाणीं विरोधी, शत्रु अशा अर्थाचे शब्द येतात. ईयोबाच्या कथेंत मात्र अरबी-फारसीच्या वाटेनें आलेला आणि आधींच बदनाम झालेला 'सैतान' येतो. वस्तुतः तेथें मूळ शब्दाला निश्चयवाचक उपपद लागलेलें आहे. म्हणजे तें नांव नसून हुद्दा आहे. कोर्टांत सरकारी वकील उभा राहतो तसा हा देवाच्या दरबारांत उभा राहतो, संशय काढतो, आणि परवानगीशिवाय ईयोबाच्या केंसालाही धक्का लावीत नाहीं. तो सरकारचा शत्रु नव्हे, नोकर आहे. तालमुदांत रेश लाकिश या पंडिताचें मत नोंदलेलें आहे कीं, सैतान, मनुष्याची दुष्ट वासना आणि मृत्यूचा दूत हीं तिन्ही एकच. षड्रिपूंची कल्पना बाळकडूंतून मिळालेल्या आम्हांस हें समजण्यास इतकें कठीण कां जावें?

यहुदी वाङ्मयांत निराळे सूर नाहींत असें नव्हे. हनोखाच्या पुस्तकांत पतित देवदूतांच्या कथा आहेत, मध्ययुगीन गूढवाद्यांनीं दुष्ट शक्तींचा पसारा मांडला आहे. ख्रिस्ती सैतानाचीं बीजेंही अशाच यहुदी कल्पनांत सांपडतात. परंतु हनोखाचें पुस्तक यहुद्यांनीं आपल्या धर्मग्रंथांत घेतलें नाहीं, हें विसरून चालणार नाहीं.

हें सारें समजण्यासाठीं यरुशलेम गांठावयास नको होतें. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतले बेने इस्राएल मराठीच बोलत. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं ते बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. जॉन विल्सन या स्कॉच मिशनऱ्यानें १८३२ सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींत छापलें. हेतु धर्मप्रसाराचा, पण बेने इस्राएलांनीं हिब्रू घेतली, ख्रिस्ती झाले ते विरळाच. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणल्या. यहुद्यांच्या सायंप्रार्थनेंत सैतानाचा उल्लेख येतो तो असा कीं, देवानें त्याला पुढून आणि मागून दूर करावें. ख्रिस्ती बाप्तिस्म्याच्या प्राचीन विधींत सैतानाचा जाहीर त्याग करावा लागतो, जणूं एका राजाची चाकरी सोडून दुसऱ्याची धरावयाची आहे. येथें तसें कांहीं नाहीं. वाटेंतला अडथळा काढण्याची विनंति आहे.

आतां उपद्रवाविषयीं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायांत येशू आपल्या यहुदी विरोधकांना सैतान त्यांचा बाप आहे असें म्हणतो. तो मुळांत यहुद्यांचा आपसांतला वाद; पण पुढें तो एका सबंध लोकसमूहाच्या कपाळीं शिक्का होऊन बसला. मध्ययुगीन यूरोपांत यहुद्यांचीं शिंगें काढलेलीं चित्रें निघालीं, आणि नाझी राजवटींत यूलियस श्ट्रायखर याच्या पत्रानें हाच शिक्का पुन्हां उगाळला. यहुद्यांवरील ईश्वरहत्येचा सामुदायिक आरोप नाकारण्यास रोमच्या चर्चला १९६५ साल उजाडावें लागलें. ज्यांच्या धर्मांत सैतानाला राज्यच नाहीं, त्यांनाच त्याची प्रजा ठरविण्यांत आलें. आणि आम्ही येथें बसून त्या राज्याचा आणखी एक दाखला लिहून देतों.

व्याख्यानानंतर प्रश्नांसाठीं पांच मिनिटें होतीं. ईयोबाचें पुस्तक आपण कोणत्या भाषांतरांत वाचलें, एवढेंच मीं विचारलें. वक्त्यांनीं मिल्टनचें नांव सांगितलें.