आखातात घरकामासाठी नेल्या जाणाऱ्या महिलांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी
(मार्फत : मा. तहसीलदार, दापोली)

महोदय,

दापोली, हर्णै, दाभोळ या पट्ट्यातले पुरुष दोन-तीन पिढ्या आखातात कमावायला जात आहेत. ‘व्हिजा आला’ म्हटले की घरात आजही आनंद होतो. त्याच विश्वासावर एजंट आता बायकांना गाठतात.

आमच्या बचत गटातील एका भगिनीला ‘मुले सांभाळायची, महिना 25 हजार’ असे सांगून नेले. कामाचा व्हिजा नव्हताच. पर्यटक व्हिजावर दुबईला उतरवून तिथून मोटारीने ओमानला पोहोचवले. पासपोर्ट मालकाने काढून घेतला. रात्री न्हाणीघराचा नळ सोडून त्या आवाजाआड ती घरी फोन करते. परत यायचे म्हटले तर ‘तुझे पैसे मोजलेत, ते टाक आणि जा’ हे उत्तर. इकडे नवरा पोलिसांकडे तक्रार घेऊन गेला, तर ‘एजंट मुंबईचा, तिकडे जा’ म्हणून परत पाठवला.

दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा असतो. तिला आखातात घरकामाला जायचे तर वय किमान 30 हवे आणि 2016 पासून भरती फक्त सरकारी संस्थेमार्फत व्हायला हवी. म्हणजे अशा बाईकडून या कामासाठी पैसे घेणारा खासगी एजंट बेकायदाच. आमच्या वाडीत हे कुणालाच ठाऊक नव्हते. ते प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावे. हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाला बायका जमतात, तिथेही तोंडी सांगावे; फलक आमच्यातल्या अनेकींना वाचता येत नाही.

बायकांना जाऊ देऊ नका, असे आमचे म्हणणे नाही. घरावरचे कर्ज बंदीने फिटत नाही, बाई चोरवाटेने जाते एवढेच.

गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार तक्रार दापोलीतच नोंदवली जावी. नुसती फसवणूक न लावता, पुरावा असेल तिथे भारतीय न्याय संहितेचे मानवी तस्करीचे कलम 143 लावावे. तहसील कार्यालयात एक कर्मचारी नेमावा. त्याने कुटुंबाची तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर भरून दूतावासाचे उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा.

वरील भगिनी अजून तिथेच आहे. तिच्या पासपोर्टची झेरॉक्स व एजंटाला दिलेल्या पैशांच्या पावत्या सोबत बंद पाकिटात जोडल्या आहेत. नाव गोपनीय ठेवावे आणि आठ दिवसांत आम्हाला भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपल्या,
दापोली तालुक्यातील बचत गटांच्या महिला

प्रत : मा. पोलीस अधीक्षक, रत्नागिरी