पैसा रयतेचा, अटी दिल्लीच्या!

1870–71च्या दुष्काळात सटाण्याचे मामलेदार यशवंतराव महाराज यांनी सरकारी खजिना उघडला आणि उपाशी रयतेला पैसा वाटला. राज्य इंग्रजाचे होते, नोकरी डोक्यावर टांगलेली होती. तरी रयतेचा पैसा रयतेच्या पोटात जायला कोणाची परवानगी लागत नाही, एवढे त्या माणसाला कळत होते. आज राज्य आपले आहे, निवडून दिलेले आहे. आणि लेकरांच्या शिक्षणासाठी वसूल केलेला पैसा लेकरांच्या शाळेला देताना दिल्ली अटींचा कागद पुढे सरकवते. हा उघड दांडगावा आहे!

शिक्षणाच्या नावाने केंद्राने 2004 पासून 2 टक्के उपकर लावला, 2007 मध्ये त्यावर आणखी 1 टक्का चढवला आणि 2018 पासून आरोग्याला जोडून तो 4 टक्के केला. 2015 पर्यंत हा उपकर अबकारी आणि सेवाकरावरही होता. म्हणजे नामपूरच्या बाजारात साबणाची वडी घेणाऱ्या शेतमजुराच्या खिशातूनही शाळेच्या नावाने पैसे गेले. या वसुलीतला छदामही राज्याला वाटा म्हणून मिळत नाही. घटनेच्या 270व्या कलमानेच उपकर वाटपाबाहेर ठेवले आहेत. मग तो पैसा शाळांवर तरी खर्च झाला का? माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी घेतलेले 94 हजार कोटींहून अधिक रुपये त्या कामासाठी वापरलेच गेले नाहीत, हे खुद्द ‘कॅग’ने दाखवून दिले. उपकर 2007चा, आणि त्यासाठीच्या कोषाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली 2017 साली! दहा वर्षे कोणाच्या बापाचा पैसा समजून बसले होते?

आता आपल्या बागलाण तालुक्यातल्या साल्हेर-मुल्हेर पट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांकडे या. केंद्राच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेच्या निकषाने, ज्या शाळेचा पट तीसपर्यंत आहे, तिला वर्षाचे संयुक्त शाळा अनुदान मिळते 10 हजार रुपये. दिवसाला सत्तावीस रुपये! त्यातले दहा टक्के स्वच्छतेसाठी बाजूला काढायचे. उरलेल्यात खडू, हजेरीपट, विजेचे बिल, गळका नळ, उडालेले पत्रे, रंगरंगोटी. आणि हे दहा हजारही जूनमध्ये, शाळा उघडताना येत नाहीत. अनेकदा वर्ष सरत आल्यावर खर्चाची ऑनलाइन मर्यादा, म्हणजे ‘लिमिट’, पडते, 31 मार्चच्या आत खर्चा नाहीतर परत, म्हणून मुख्याध्यापक वर्ग सोडून पावत्या गोळा करत हिंडतो. तोवर खडू आणला कोणी? गुरुजींनी पदरच्या पैशाने, नाहीतर गावाने वर्गणी काढून. ज्या गावाने उपकर भरला, तेच गाव वर्गणी भरते!

आणि केंद्राच्या ‘पीएम श्री’ शाळा योजनेचा थाट पाहा. देशभरात 14,500 शाळा, एका तालुक्यात जास्तीत जास्त दोन. बागलाणच्या बाकीच्या शाळांनी काय पाप केले? खर्चात राज्याचा वाटा 40 टक्के, नाव मात्र पंतप्रधानांचे. आणि करारात अट अशी, की राष्ट्रीय शिक्षण धोरण जसेच्या तसे स्वीकारा. तमिळनाडूने सही नाकारली, तर वेगळ्याच योजनेचे, समग्र शिक्षेचे, 2024–25चे 2,152 कोटी रोखले. मुलांच्या ताटाला पाय लावून आईबापांकडून सही घेण्याचा हा प्रकार! संसदेच्या स्थायी समितीनेही मार्च 2025 मध्ये ही अडवणूक अयोग्य ठरवली. शिक्षण हा मुळात राज्यांचा विषय. आणीबाणीत, 1976 साली, 42व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत ओढला. आणीबाणीला रोज शिव्या घालणाऱ्यांनी तिची ही कमाई मात्र जपून ठेवली आहे.

मुंबईचे सरकार काय करते? मुकाट सही करते. 2025च्या जानेवारीत शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा आणि गोड पदार्थाचा निधी तोडते आणि शाळांना लोकसहभाग शोधायला सांगते. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा फतवा काढते आणि महाराष्ट्र पेटल्यावर जूनअखेर मागे घेते. केंद्राच्या करांतला वाटा पदरात पडला की यांना हक्काची आठवणही राहत नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे रयतेच्या पैशाचा जाब मागितला. परक्या सरकारला त्यांनी विचारले ते स्वकीयांना विचारायची यांची छाती नाही!

आमची मागणी साधी आहे. योजनांची नावे, फलक, करार बाजूला ठेवा. शिक्षणाच्या नावाने घेतलेला उपकर पटाच्या हिशेबाने, दुर्गम पाड्याला जास्तीचा भार धरून, राज्याला एकगठ्ठा द्या. राज्याने तो जूनच्या आत शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात टाकावा आणि ग्रामसभेत पैन्‌पैचा हिशेब वाचावा. हिशेबाला आमची ना नाही, ताबेदारीला आहे.

बागलाण धुळे लोकसभा मतदारसंघात येते. येत्या अधिवेशनात आपल्या खासदारांनी हा प्रश्न विचारला की नाही, हे वाचकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे. आणि येत्या ग्रामसभेत आपल्या शाळेला यंदा किती रुपये आले, कोणत्या तारखेला आले, हे उभे राहून विचारावे.